करवंदाची जाळी बागेत लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करवंद म्हटलं की मे महिना, पळसाच्या पानांचे द्रोण आणि काळीभोर फळं आठवतात. त्याच झुडपाला दोन-तीन महिने आधी पांढऱ्या, सुगंधी फुलांचे घोस येतात, हे मात्र अनेकांच्या लक्षात नसतं. फुलपाखरं, पतंग, मधमाश्या आणि पक्षी यांच्यासाठी बाग करायची असेल, तर आपल्या मातीतलं इतकं सोशिक आणि इतकं देणारं दुसरं झुडूप मला तरी माहीत नाही. करवंद लावू पाहणारी माणसं जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

बागेत लावायला करवंदच का? मोगरा, जाई, जुई आहेतच की.

ती जरूर लावा, पण त्यांच्याकडून परागीभवनाची फार अपेक्षा ठेवू नका. बागेतला मोगरा बहुतेकदा दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचा असतो. त्या जादा पाकळ्यांच्या गर्दीत कीटकाला आत शिरायला वाट राहत नाही आणि फळही धरत नाही. करवंदाचं फूल साधं, पाच पाकळ्यांचं. त्यात मधुरस असतो, परागकण असतात, पुढे फळ येतं आणि ते फळ पक्षी खातात. एकाच झुडपावर फुलाचे पाहुणे वेगळे आणि फळाचे वेगळे.

शिवाय करवंद इथलंच आहे. सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातल्या कातळसड्यांच्या कडेला, गोव्यातल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत ते कुणी न लावता उगवतं. त्याच्या काटेरी जाळीत गुरं तोंड घालत नाहीत. त्यामुळे जाळीच्या आत पडलेल्या बियांमधून दुसऱ्या झाडांची रोपं सुखरूप वाढतात. उघड्या माळावर एखादं झाड करवंदाच्या जाळीतून डोकं वर काढताना दिसतं, ते यामुळेच. आज डोंगर फोडून प्लॉट पडतात तेव्हा सगळ्यात आधी जेसीबीखाली जाते ती ही जाळी. वणव्यातही ती होरपळते. म्हणून ती आपल्या कुंपणाला यावी, असं मला मनापासून वाटतं.

फुलं कधी येतात? वास कसा असतो?

डोंगरातल्या करवंदाला मुख्य बहर साधारण जानेवारीअखेर ते एप्रिलच्या दरम्यान येतो. जागेप्रमाणे आणि पावसाप्रमाणे त्यात पुढे-मागे होतं. कळी बाहेरून गुलाबीसर, फूल पांढरं. वास जाईच्या जवळचा, पण थोडा हिरवट. पहाटे आणि संध्याकाळनंतर तो जास्त जाणवतो. भर दुपारी झुडपाजवळ उभं राहून 'वास येत नाही' असं ठरवू नका, दिवेलागणीला पुन्हा जाऊन बघा.

या फुलांवर नेमकं कोण येतं?

फुलाची ठेवण बघितली की उत्तर मिळतं. पाकळ्यांच्या खाली एक बारीक, लांबट नळी असते. मधुरस नळीच्या तळाशी, परागकण नळीतच वरच्या भागात दडलेले. तळापर्यंत पोचायचं तर सोंड लांब हवी. ती असते फुलपाखरांना आणि पतंगांना. संध्याकाळी फुलासमोर पंख फडफडवत, न बसता, हवेत स्थिर राहून सोंड आत घालणारा हॉकमॉथ पतंग हा या फुलाचा हक्काचा पाहुणा. पांढरा रंग आणि अंधार पडताना वाढणारा सुगंध, दोन्ही गोष्टी अशा निशाचर पाहुण्यांना उपयोगी पडतात.

दिवसा फुलपाखरं येतात. मधमाश्याही घुटमळतात, पण आखूड जिभेच्या माशीला तळापर्यंत पोचणं अवघड जातं. काळे भुंगे अशा लांब नळीच्या फुलांना बाहेरून भोक पाडून रस पितात. त्यात फुलाचा फायदा होत नाही, पण भुंग्याचं पोट भरतं. सातेरी, फुलोरी किंवा पोया या लहान देशी मधमाश्यांसाठी तुम्हाला बाग करायची असेल, तर एकट्या करवंदावर विसंबू नका. सोबत काय लावायचं ते पुढे सांगितलं आहे.

नर्सरीत 'करवंद' म्हणून जे मिळतं, ते हेच असतं का?

प्रत्येक वेळी नाही. घेण्याआधी नीट बघा. शोभेच्या झाडांच्या नर्सरीत 'नाताळ प्लम' नावाचं झुडूप बरंच विकलं जातं. ते करवंदाच्याच कुळातलं, पण मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. त्याची पानं जाड, चकचकीत, गोलसर असतात. फूल आपल्या करवंदापेक्षा बरंच मोठं आणि फळ पिकल्यावर लाल. आपलं करवंद पिकतं ते काळं-जांभळं. नाताळ प्लम वाईट नाही, पण देशी झुडूप हवं असेल तर ते हे नव्हे.

दुसरा फरक रानटी आणि लागवडीच्या वाणांचा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' हा मोठ्या फळांचा वाण दिला आहे. उत्तरेत पंतनगरचे 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन', 'पंत सुवर्णा' हे वाण प्रसिद्ध आहेत. लोणचं, जेली, सरबत यांसाठी फळं हवी असतील तर असा वाण घ्या. बाग प्रामुख्याने पाखरांसाठी असेल, तर तुमच्याच भागातल्या रानटी करवंदाच्या बियांची रोपं उत्तम. ती तिथल्या पावसाला आणि मातीला सरावलेली असतात. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या सुरुवातीला चौकशी करा.

ट्रेकला गेल्यावर डोंगरातून एखादं रोप उपटून आणलं तर?

आणू नका. करवंदाची मुळं दगडाच्या फटीत खोल गेलेली असतात. उपटताना ती तुटतात आणि रोप बहुधा मरतं. तिथली जाळी कमी होते आणि तुमच्या हाती काहीच येत नाही. घाटात कातकरी, ठाकर बायका द्रोणातून करवंदं विकतात, त्यांच्याकडून घ्या, मनसोक्त खा आणि बिया ठेवा. एका द्रोणात अख्ख्या कुंपणाची रोपं असतात.

बियांपासून रोपं कशी करायची?

एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बी शिळं होऊ द्यायचं नाही. करवंदाच्या बियांची उगवण्याची ताकद लवकर कमी होते. पुढच्या वर्षीसाठी डबीत जपून ठेवलेलं बी बहुतेक वाया जातं.

पूर्ण पिकलेली, काळी फळं घ्या. गर काढून बिया पाण्यात चोळून धुवा आणि एखादा दिवस सावलीत निथळू द्या. मग लगेच पेरा. माती, वाळू आणि कुजलेलं पालापाचोळ्याचं खत अशा मिश्रणात अर्धा इंच खोल बी पुरेसं. मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला पेरलं की पावसाळी हवेत काही आठवड्यांत कोंब दिसतात. चार-सहा पानं आली की रोप पिशवीत हलवा आणि पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावा. बियांच्या रोपाला फुलं यायला साधारण तीन-चार वर्षं लागतात. तेवढा धीर नसेल तर गुटी कलमाचं, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून वेगळं केलेलं रोप घ्या, ते लवकर फुलतं. साध्या फांदीच्या छाटाला मुळं सहज फुटत नाहीत, म्हणून त्या खटपटीत नवख्याने पडू नये.

कुठे, कधी आणि किती अंतरावर लावायचं?

पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात खणलेलीच माती आणि घमेलंभर शेणखत किंवा कंपोस्ट. रासायनिक खताची गरज नाही. नत्र जास्त झालं तर पालाच माजतो.

दाट कुंपण हवं असेल तर दोन ते तीन फुटांवर एक रोप. एकट्याने डवरलेली जाळी हवी असेल तर सगळीकडून सहा ते आठ फूट मोकळी जागा सोडा. ऊन मात्र भरपूर हवं, दिवसाला निदान पाच-सहा तास. इमारतीच्या उत्तरेला, कायम सावलीत लावलेलं करवंद जगतं, पण फुलांना कंजूष होतं. रस्त्याला, पायवाटेला किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेला अगदी चिकटून लावू नका. काटे जोडीने येतात आणि चांगले टणक असतात.

आमच्याकडे काळी माती आहे. जगेल का?

जगेल, पण मुळाशी पाणी साचता कामा नये. मुरमाड, दगडाळ, हलकी जमीन करवंदाला सोसते, चिखल सोसत नाही. मराठवाडा-विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीत फूट-दीड फूट उंच वरंबा करून त्यावर लावा. मातीत मुरूम मिसळता आला तर आणखी चांगलं. जी जागा 'इथे काहीच येत नाही' म्हणून तुम्ही सोडून दिली असेल, तो दगडगोट्यांचा कोपरा करवंदाला द्या.

पाणी किती द्यावं?

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा, मुळं भिजतील असं. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन असलं तर त्याहूनही कमी चालतं. तिसऱ्या वर्षापासून बहुतेक ठिकाणी पाण्याची गरज उरत नाही. लॉनच्या फवाऱ्याखाली रोज भिजणारं करवंद हिरवंगार दिसतं आणि बहर मात्र हुकतो. पावसाळा संपल्यावर त्याला जरा तहानलेलं राहू द्या.

छाटणी कधी करायची? आमच्या सोसायटीचे माळीदादा दर महिन्याला कात्री चालवतात.

बहुतेक बागांत करवंद फुलत नाही, त्याचं कारण हेच आहे.

करवंदाचे फुलोरे फांद्यांच्या शेंड्यांना येतात. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात जे शेंडे वाढतात, त्यांच्यावरच उन्हाळ्याच्या तोंडाशी कळ्या धरतात. दर महिन्याला कुंपण चौकोनी, सपाट कापलं की तुम्ही दर वेळी पुढे येणारी फुलंच कापून टाकता. मग मागे उरते नुसती हिरवी, काटेरी भिंत. तिथे ना पतंग येत, ना पुढे फळ धरत.

छाटणी वर्षातून एकदाच करा, फळं संपल्यावर, म्हणजे जूनच्या आसपास. पावसाच्या जोरावर नवी फूट येते, ती पक्व व्हायला सहा-सात महिने मिळतात आणि बहर वेळच्या वेळी येतो. ऑगस्टनंतर कात्री लावूच नका. वाटेत आलेली एखादी फांदी कापावी लागली तर कापा, पण वरून सपाट करण्याचा मोह टाळा.

सोसायटीत सगळीकडे असं जमत नाही, हे खरं. मग मधला मार्ग असा: रस्त्याकडची बाजू नेटकी ठेवा, आतली बाजू आणि वरचा भाग मोकळा सोडा. किंवा कुंपण दोन भागांत वाटून एका वर्षी एकच भाग छाटा, दुसरा फुलू द्या. माळीदादांना नुसतं 'कापू नका' म्हणण्यापेक्षा फेब्रुवारीत एकदा शेंड्यावरच्या कळ्या दाखवा. झाडाशी रोज काम करणारा माणूस ते लगेच ओळखतो.

मुळात ही जाळी आहे. तिला थोडं पसरू द्यायला हवं. तिच्या आतल्या गुंत्यातच बुलबुल घरटं करतात, कारण मांजराला आणि कावळ्याला तिथवर सहज पोचता येत नाही.

सगळं केलं, तरी फुलं नाहीत. का?

छाटणी चुकीच्या वेळी झाली आहे का, ऊन कमी आहे का, पाणी किंवा नत्र जास्त होतंय का, याच क्रमाने तपासा. चारही ठीक असतील तर झाडाचं वय बघा. बियांचं रोप अजून लहान असेल.

पानांवर पांढरे चिकट किडे दिसतात. काय फवारू?

ते पिठ्या ढेकूण असावेत. पाण्याचा जोरदार फवारा मारा, फारच झाले असतील तर तेवढी फांदी काढून टाका. मुंग्यांची रांग झाडावर चढत असेल तर तिचा बंदोबस्त करा, कारण मुंग्या त्यांचं रक्षण करतात. निंबोळी अर्क वापरायचाच तर संध्याकाळी वापरा आणि बहरात मुळीच नको.

इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम अशी आंतरप्रवाही कीटकनाशकं मात्र या बागेत अजिबात आणू नका. ती झाडाच्या रसात भिनतात आणि मधुरसात, परागकणांतही उतरतात. याच दोन आणि क्लोथियानिडिन या तिसऱ्या औषधाच्या उघड्यावरच्या वापरावर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली, ती मधमाश्यांना होणाऱ्या धोक्यामुळे. पाखरांना जेवायला बोलवायचं आणि ताटात विष वाढायचं, हे आपल्या हातून होऊ नये.

आणि पानं थोडी कुरतडलेली दिसली तर दिसू द्या. सुरवंटांना पानं मिळाली नाहीत, तर फुलपाखरं येतील कुठून?

बाल्कनीत, कुंडीत येईल का?

येईल. सोळा-अठरा इंची, तळाला मोठं भोक असलेली कुंडी घ्या आणि गुटी कलमाचं रोप लावा. मातीत निम्मा भाग मुरूम किंवा जाड वाळू असू द्या. ऊन नसलेल्या बाल्कनीत याचा नाद करू नका. 

दाट जाळी आणि सुगंध म्हटलं की साप येतात म्हणतात. खरं आहे का?

सुगंधाने साप येत नाही. साप येतो उंदीर, बेडूक यांच्या मागावर आणि लपायला जागा मिळाली तर थांबतो. दाट जाळी ही लपण्याची जागा असते, हेही मान्य केलं पाहिजे. म्हणून जाळी दारापासून, मुलांच्या खोलीच्या खिडकीपासून दूर, हद्दीवर लावा. बुंध्याशी विटा, फरशांचे तुकडे, कचरा, उष्टं-खरकटं टाकू नका. खालच्या फूटभर उंचीवरच्या फांद्या काढून तळ मोकळा ठेवा. फळं वेचताना आत हात घालण्याआधी काठीने हलवून घ्या. गावाकडे सगळे असंच करतात.

मधमाश्या चावणार नाहीत ना?

फुलावर रस गोळा करणारी माशी आपल्या कामात असते. तिला हाताने दाबलं किंवा झटकलं नाही तर ती सहसा डंख मारत नाही. आग्या माश्यांचं पोळं ही वेगळी गोष्ट आहे, त्याला धूर, दगड, फटाके यांनी डिवचायचं नाही. घरात कुणाला डंखाची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर झुडूप बसण्याच्या जागेपासून लांब लावा.

चीक विषारी असतो का? मुलं फळं खातात.

फळ पिकलेलं असेल तर निर्धास्त खाऊ द्या. फळ फोडून 'कोंबडा की कोंबडी' खेळू द्या, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. कच्च्या फळाला आणि पानाला पांढरा चीक असतो. तो हाताला, कपड्याला चिकटतो, डोळ्यात गेला तर जळजळतो. कच्ची फळं लोणच्याला काढताना हाताला तेल लावून घ्या आणि फळं पाण्यात टाकत जा. मुलांना एक मात्र शिकवाच: कण्हेर याच कुळातली आहे, तिलाही चीक असतो आणि ती खरोखर विषारी आहे. म्हणून ओळख पटल्याशिवाय कुठलंच फळ तोंडात घालायचं नाही.

बागेत रात्री दिवे लावले तर चालतील?

बहराच्या दिवसांत शक्यतो नकोत. पतंग दिव्याभोवती घिरट्या घालत राहतात आणि फुलांकडे फिरकत नाहीत. सुरक्षिततेसाठी दिवा हवाच असेल तर मंद, पिवळसर आणि खाली तोंड केलेला लावा. पांढरा झगझगीत फ्लडलाइट जाळीवर सोडू नका.

करवंदाचा बहर दोन-तीन महिन्यांचा. उरलेल्या वर्षाचं काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि खरं तर तो सगळ्यांनी विचारायला हवा. पाहुण्याला वर्षातून एकदाच जेवायला घालून भागत नाही.

हिवाळ्यासाठी अडुळसा लावा. त्याच्या पांढऱ्या फुलांवर माश्या आणि भुंगे तुटून पडतात. हिवाळा संपताना धायटी लाल होते, तिच्यावर सूर्यपक्षी म्हणजे शिंजीर येतात. उन्हाळ्यात करवंदासोबत कुसर फुलते. ही आपल्या डोंगरातली रानजाई, तिला करवंदाच्याच जाळीवर चढू द्या, रानातही ती अशीच चढते. पावसाळ्यात भारंगी आणि पांढरी कुंती. कुंतीचा सुगंध करवंदापेक्षाही दूर पोचतो. तिच्यावर आणि कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखरू अंडी घालतं. फक्त विदर्भात संत्र्याची बाग जवळ असेल तर कुंती टाळा, कारण संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड कुंतीवरही वाढते. तेरडा दर पावसाळ्यात आपला आपण उगवेल. तुळशीच्या मंजिऱ्या खुडताना काही माश्यांसाठी ठेवा, लहान माश्यांना ती बाराही महिने आधार देते. कुठे कोपऱ्यात रुई उगवली असेल तर उपटू नका, प्लेन टायगर फुलपाखराचे सुरवंट तिच्यावर जगतात.

एखादा हातभर तुकडा उघड्या मातीचा सोडा. सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले तर जमिनीत बीळ करून एकट्याने राहणाऱ्या मधमाश्यांनी जायचं कुठे?

फुलपाखरांसाठी घाणेरी लावा असं बरेच जण सांगतात.

घाणेरीवर फुलपाखरं येतात, यात शंका नाही. पण ती मूळची अमेरिकेतली आणि आपल्या रानांत तिने करवंदासारख्या झुडपांची जागा बळकावली आहे. तिची फळं पक्षी खातात आणि बी लांबवर नेतात, म्हणून तुमच्या बागेतली घाणेरी तुमच्या बागेत राहत नाही. लावू नका. असेल तर तिच्या शेजारी करवंद वाढवा आणि ते फुलायला लागलं की घाणेरी मुळासकट काढा.

सगळी फळं बुलबुल आणि कोकिळाच खाऊन जातात. जाळं टाकू का?

नको. नायलॉनच्या जाळ्यात पक्षी, सरडे अडकून मरतात. हाताला येतील ती खालची फळं तुमची, वरची त्यांची, अशी वाटणी करा. लोणच्यासाठी कच्ची फळं लागतात आणि पक्षी पिकलेल्यांवर येतात, त्यामुळे एप्रिलमध्येच तुमचा वाटा काढून घेता येतो. बेकरीच्या केकवर जी लालभडक 'चेरी' असते, ती बऱ्याचदा साखरेत मुरवून रंगवलेलं करवंदच असते. तुमच्याकडे अस्सल आहे, तेव्हा मुरांबा घरीच करा.

आम्ही ऑस्ट्रेलियात राहतो. इथे करवंदाच्या बिया आणल्या तर?

आणू नका. तिथले जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. आपल्याकडे घाणेरीने जे केलं, ते आपल्या झाडाने दुसऱ्यांकडे करू नये. उत्तर ऑस्ट्रेलियात करवंदाच्याच वंशातलं 'कॉन्करबेरी' नावाचं देशी झुडूप आहे: काटेरी, पांढऱ्या सुगंधी फुलांचं, काळ्या-जांभळ्या फळांचं. तुमच्या भागात ते नैसर्गिकपणे येत असेल, तर देशी झाडांच्या नर्सरीत त्याचंच रोप मागा.